चालू झालं, पण का?

साताऱ्यातल्या एका घरात टीव्हीच्या टेबलाखाली एक काळा डबा होता. घरातली बहुतेक माणसं त्याला डबाच म्हणत, पण होता तो एचपीचा प्रोलायंट मायक्रोसर्व्हर, एन४०एल. हे यंत्र २०११ च्या सुमाराचं. प्रोसेसर एएमडीचा, दीड गिगाहर्ट्‌झचा. समोर दार आणि दाराआड डिस्कसाठी चार कप्पे. थोरल्या मुलाने तो कोणाकडून तरी जुना विकत आणून त्यावर डेबियन लिनक्स बसवलं होतं आणि घरासाठी नॅस, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारी साठवण, तयार केली होती. घरातल्या सगळ्या फोनमधले फोटो, अण्णांनी स्कॅन करून ठेवलेले जमिनीचे फेरफार आणि सातबारे, लग्नाच्या चित्रफिती, सगळं त्यात जाई. दुसऱ्या आणि तिसऱ्या कप्प्यात दोन-दोन टीबीच्या दोन डिस्क होत्या. एकीवर लिहिलेलं दुसरीवरही उमटे. पहिल्या कप्प्यातल्या छोट्या डिस्कवर नुसती सिस्टीम.

थोरला पुण्याला एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. धाकटी साताऱ्यातच कॉलेजात शिकत होती. आणि आत्या. आत्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. एक्स्चेंजमधल्या टेस्ट डेस्कवर तिची हयात गेली. लोक १९८ ला फोन करून तक्रार नोंदवत आणि मग ती लाइन आत्याच्या हाताखालून तपासली जाई. कॉम्प्युटरमध्ये तिला गती नव्हती, आणि तसं ती मोकळेपणाने सांगेही.

दिवाळीला थोरला आला तेव्हा पहिल्या कप्प्यातली डिस्क टकटक आवाज करत होती. वर जुनं डेबियन ९, ज्याची लांब मुदतीची सुरक्षादुरुस्तीही २०२२ च्या जूनमध्ये थांबलेली. थोरल्याने ठरवलं, एका दगडात दोन पक्षी मारू. नवी चार टीबीची डिस्क आणली, पहिल्या कप्प्यात बसवली, पेन ड्राइव्हवर डेबियन १२ घेतलं आणि फराळाचं ताट बाजूला ठेवून कामाला लागला.

इथे थोडं यंत्राबद्दल सांगायला हवं. डिस्कच्या विभागणीचा जुना तक्ता, ज्याला एमबीआर म्हणतात, डिस्कवरचे खण ३२ बिटांच्या आकड्याने मोजतो. ३२ बिटांत मावतात सुमारे ४२९ कोटी खण. एक खण ५१२ बाइटचा धरला तर हिशोब साधारण २.२ टीबीला संपतो. त्यापुढची जागा त्या तक्त्याला दिसतच नाही. म्हणून चार टीबीच्या डिस्कला जीपीटी नावाचा नवा तक्ता लागतो. नव्या कॉम्प्युटरमध्ये त्याच्या जोडीला यूईएफआय असतं, त्यामुळे काही अडत नाही. हा डबा मात्र जुन्या बायोसचा. बायोसवर जीपीटी डिस्कवरून लिनक्स सुरू करायचं, तर ग्रब या बूटलोडरला स्वतःसाठी एक मेगाबाइटभर वेगळी जागा राखून द्यावी लागते. डेबियनच्या इन्स्टॉलरवर विभागणी सोपवली, तर तो ही जागा स्वतःच राखतो. थोरल्याने विभागणी स्वतःच्या हाताने केली. ती चिमूटभर जागा राहून गेली.

इन्स्टॉलेशन शेवटाला आलं आणि पडदा लाल झाला. ग्रब बसवता येत नाही, असा संदेश. थोरल्याने तो अर्धाच वाचला. मागे जाऊन ग्रब कुठे बसवायचा त्या यादीतून दुसरी डिस्क निवडली. ती होती दुसऱ्या कप्प्यातली, फोटोंची. तिचा तक्ता जुन्या पद्धतीचा होता आणि पहिल्या पार्टिशनआधी थोडी मोकळी जागा होती. ग्रब तिथे गुपचूप बसला. बायोसमध्ये जाऊन थोरल्याने दुसऱ्या कप्प्यातली डिस्क पहिल्या क्रमांकावर आणली. डबा सुरू झाला. फोटो दिसले.

“झालं!” थोरला म्हणाला आणि चकलीकडे वळला.

आत्याने विचारलं, “मगाशी लाल काय आलं होतं रे?”

“काही नाही गं. गेलं ते.”

“गेलं की घालवलंस?”

तो हसला. भाऊबीज उरकून पुण्याला गेला.

पुढचे काही महिने डबा बिनतक्रार चालला. लाइट जाई-येई, पण इन्व्हर्टर सांभाळून घेई. मग आषाढातल्या एका रात्री झाडं पडली, तारा तुटल्या आणि गावाचा तो भाग दुसऱ्या संध्याकाळपर्यंत अंधारात राहिला. इन्व्हर्टरनेही मान टाकली. लाइट आली तेव्हा फ्रिज सुरू झाला, पंखा सुरू झाला, डबा मात्र नाही. त्याचा निळा दिवा लागला, आतला पंखा घुमला, पण फोनवर फोटो उघडेनात. धाकटीने जुना मॉनिटर जोडून पाहिला. काळ्या पडद्यावर कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत होती. बस.

शनिवारी थोरला आला. कामाला लागला तो झपाट्याने. केबल बदलल्या. रॅम काढून पुन्हा बसवली. बायोसमधल्या दोन-चार सेटिंग इकडच्या तिकडे केल्या. मग डिस्कची केबल बदलून पुन्हा तेच. पांढरी रेघ लुकलुकतच होती. प्रत्येक खेपेला तो दोन-तीन गोष्टी एकदम बदले, त्यामुळे कशाने काय झालं किंवा कशाने काहीच झालं नाही, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

शेवटी तो वैतागून म्हणाला, “सरळ नव्याने टाकतो सगळं. अर्ध्या तासाचं काम.” पेन ड्राइव्ह लावला. इन्स्टॉलर सुरू झाला. पूर्ण डिस्क वापरायची, हा पर्याय त्याने निवडला. पडद्यावर तीन डिस्कची यादी आली. दोन टीबी, दोन टीबी, चार टीबी.

आत्या मागे उभी होती. “यातली फोटोंची कुठली?”

“या दोन.”

“आणि ही यादी एक ओळ वर-खाली झाली, तर?”

थोरल्याचं बोट एंटरवर थांबलं.

“त्या फोटोंची दुसरी प्रत कुठे आहे?”

“आत्या, दोन डिस्क आहेत ना. एक गेली तरी दुसरी असते.”

“एक बिघडली तर. तू पुसलंस तर?”

त्याने उत्तर दिलं नाही, कारण उत्तर त्याला माहीत होतं. रेडची ही रचना डिस्क बंद पडण्यापासून वाचवते, माणसाच्या हातापासून नाही. जोडीतून एखादी फाइल पुसली की ती दोन्हींवरून त्याच क्षणी पुसली जाते. त्याला बॅकअप म्हणत नाहीत.

“बंद कर,” आत्या म्हणाली. “आधी त्या दोन्ही बाहेर काढ.”

डबा बंद झाला. धाकटीने कागदी चिकटपट्टीवर पेनने लिहिलं: कप्पा दोन, कप्पा तीन. पट्ट्या डिस्कना लावल्या. मग तिच्या लॅपटॉपला यूएसबीवरून एक डिस्क जोडली. त्या लॅपटॉपवर लिनक्सच होतं. जोडीतली एकच डिस्क असली तरी ती एकटी वाचता येते. थोरल्याने ती जोडी फक्त वाचण्यासाठी, लिहायला बंदी घालून उघडली. अण्णांचे सातबारे दिसले आणि अण्णांनी पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकवली. एका बाहेरच्या डिस्कवर रात्रभर प्रत निघत राहिली. त्या रात्री डब्याला कोणी हात लावला नाही.

रविवारी सकाळी आत्याने शाळेची दोनशे पानी वही मागितली. पहिल्या पानावर तारीख घातली.

“मला तुझं लिनक्स कळत नाही,” ती म्हणाली. “पण लाइन बंद पडली की आम्ही खांबाखांबावर चढत सुटायचो नाही. आधी बघायचं, दोष एक्स्चेंजच्या आत आहे की बाहेर. बाहेर असेल तर अर्ध्यावरच्या खांबाअलीकडे की पलीकडे. आता सांग, बटण दाबल्यापासून फोटो दिसेपर्यंत तुझी ही लाइन कुठून कुठे जाते?”

थोरल्याने सांगितलं आणि धाकटीने लिहून घेतलं. आधी वीज. मग बायोस जागा होतो आणि कुठल्या डिस्ककडे जायचं ते ठरवतो. त्या डिस्कच्या अगदी पहिल्या खणातला छोटा तुकडा वाचतो. तो तुकडा ग्रबला उठवतो. ग्रब लिनक्सचा कर्नल आणि त्याच्यासोबतची इनिटरामएफएस नावाची शिदोरी मेमरीत आणतो. कर्नल खरी सिस्टीम असलेलं पार्टिशन शोधून उघडतो. मग सिस्टमडी एकेक सेवा सुरू करतो: डेटाच्या डिस्क जोडणं, नेटवर्क आणि सर्वांत शेवटी सांबा, ज्यातून फोनला फोटो दिसतात.

“आता कुठपर्यंत पोचतंय?”

धाकटीने पडद्याकडे पाहिलं. “बायोसचं नाव येतं. ग्रबचं नाव येत नाही.”

“म्हणजे पुढचं सगळं आज सोडून दे. दोष या दोघांच्या मधे आहे.”

थोरल्याने आदल्या दिवशी रॅम काढली होती, केबल बदलल्या होत्या. यातलं बरंचसं या दोन ओळींच्या मधे नव्हतंच.

मग आत्याने नियम घातला. एका वेळी एकच बदल, आणि बदलाआधी वहीत लिहायचं: काय करतोय, काय होईल असं वाटतं. नंतर लिहायचं: काय झालं. थोरल्याला हे शाळकरी वाटलं. तरी त्याने ऐकलं.

बायोस उघडला. पहिलीच गोष्ट धाकटीला दिसली. “दादा, तारीख बघ.” तारीख कित्येक वर्षं मागची होती. मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलने, सीआर२०३२ ने, जीव सोडला होता. भिंतीतून वीज येत होती तोवर बायोसला सगळं आठवत होतं. लाइट दिवसभर गेली आणि तो सगळं विसरला. तारीख विसरला आणि दिवाळीत थोरल्याने बदललेला डिस्कचा क्रमही विसरला. आता तो आपल्या मूळ सवयीने पहिल्या कप्प्यातल्या नव्या डिस्ककडे जात होता.

“मग सेल बदलू, क्रम पुन्हा लावू. झालं!” थोरला म्हणाला.

“झालं म्हणू नकोस,” आत्या म्हणाली. “तू नवी सिस्टीम नव्या डिस्कवर टाकलीस. मग ती फोटोंच्या डिस्कवरून का उठत होती?”

तेव्हा त्याला लाल पडदा आठवला.

आणि तेव्हाच त्याला हेही उमगलं की दिवाळीपासून हा डबा एका मेलेल्या सेलच्या आणि एका चुकीच्या निवडीच्या भरवशावर उभा होता. उद्या दुसऱ्या कप्प्यातली डिस्क बिघडली असती, तर फोटो वाचले असते, पण डबा उठलाच नसता. ज्या डिस्कचा सिस्टीमशी संबंध नसायला हवा होता, तिच्यावाचून सिस्टीम अडली असती. शिवाय ग्रब त्या मोकळ्या जागेत मावला, हे नशीब. फोटोंची डिस्क पार्टिशन न करता सरळ वापरली असती, तर तिथे मोकळी जागाच नसती.

सेल बदलला. वहीत लिहिलं. तारीख लावली. दोन्ही जुन्या डिस्क बाहेरच ठेवून नुसत्या नव्या डिस्कवर डबा सुरू केला. पांढरी रेघ. अपेक्षा हीच होती, तशीच नोंद झाली.

मग पेन ड्राइव्हवरचा इन्स्टॉलर पुन्हा लावला, पण नव्याने टाकायला नव्हे. त्यात रेस्क्यू नावाचा पर्याय असतो. डिस्कवर असलेल्या सिस्टीममध्ये तो आपल्याला बाहेरून आत नेतो. थोरल्याने विभागणीचा तक्ता पडद्यावर आणला. पहिलं पार्टिशन २०४८ व्या खणापासून सुरू होत होतं. जीपीटीचा स्वतःचा पसारा ३३ व्या खणापर्यंत संपतो. मधले ३४ ते २०४७ हे खण रिकामे. सुमारे एक मेगाबाइट. दिवाळीत राखायची राहिलेली जागा तिथेच पडून होती. काहीही न पुसता तिथे बायोस बूट पार्टिशन तयार झालं. ग्रब पुन्हा बसवला, या वेळी डिस्कचं नाव यादीतल्या क्रमाने न घेता तिच्यावर छापलेल्या सीरियल नंबराशी ताडून. लाल पडदा आला नाही.

पेन ड्राइव्ह काढला, डबा सुरू केला. पडद्यावर ग्रबचा मेनू आला. मग कर्नलच्या ओळी धावू लागल्या. आणि एका ओळीवर सगळं थबकलं. एका डिस्कची वाट पाहत दीड मिनिट गेलं आणि खाली आलं: इमर्जन्सी मोड.

“पुन्हा बिघडलं!” धाकटी म्हणाली.

“पुन्हा नाही. पुढे,” आत्या म्हणाली. “मघाशी दुसऱ्या ओळीवर होतो. आता कितवी?”

धाकटीने वहीतल्या यादीवर बोट फिरवलं. वीज, बायोस, पहिला खण, ग्रब, कर्नल, पार्टिशन, सगळं पार. अडलं होतं डेटाच्या डिस्क जोडण्यापाशी. आणि त्या तर टेबलावर चिकटपट्ट्या लावून ठेवलेल्या होत्या. एफएसटॅब नावाच्या फाइलमध्ये या डिस्कची नोंद असते. तिथे ‘नोफेल’ हा शब्द नसेल, तर डिस्क सापडली नाही की सिस्टीम पुढे जायला नकार देते. थोरल्याने तो शब्द घातला. डबा सुरळीत उठला.

आत्याने विचारलं, “आता डिस्क नाही सापडली तरी हा उठणार?”

“हो.”

“मग तेव्हा आलेले फोटो कुठे जाऊन पडतील?”

थोरला गप्प झाला. प्रश्न खरा होता. डिस्क जोडलेली नसेल तर तिच्या जागी रिकामी फोल्डर उरते. फोन बिनदिक्कत तिच्यात फोटो ओतत राहतील, सगळ्यांना वाटेल जपून ठेवलं गेलं, आणि असतील ते सिस्टीमच्या डिस्कवर, एकाच प्रतीत. मग त्याने सांबालाच अट घातली: डेटाची जागा जोडलेली नसेल तर सुरूच व्हायचं नाही. बंद दार दिसलं तर माणूस विचारतो तरी. लिनक्सबद्दल काही न कळणाऱ्या बाईने हा प्रश्न विचारला, याचं त्याला नवल वाटलं. पण दुरुस्तीने काय बदललं आणि त्या बदलाने आणखी काय बदलेल, हे विचारायला लिनक्स यावं लागत नाही.

डबा बंद करून दोन्ही डिस्क आपापल्या कप्प्यात गेल्या. सुरू केल्यावर थोरल्याने जोडीची अवस्था पाहिली. चौकटी कंसात दोन यू उमटले. दोन्ही डिस्क हजर. एक गैरहजर असती तर त्या जागी नुसती रेघ दिसली असती. फोनवर फोटो उघडले.

या वेळी थोरला “झालं” म्हणाला नाही. त्याने आत्याकडे पाहिलं.

“आमच्याकडे लाइन जोडली म्हणून तक्रार बंद करत नसू,” ती म्हणाली. “उलट फोन लावायचा. ग्राहक स्वतः ऐकू येतंय म्हणाला, की मग.”

म्हणून मॉनिटर आणि कीबोर्ड काढला. बायोसमध्ये, वीज परत आल्यावर आपोआप सुरू व्हावं, ही सेटिंग आधीच लावून ठेवली होती. डबा रीतसर बंद केला, पिन भिंतीतून उपसली आणि सगळे जेवायला बसले. जेवणं उरकल्यावर पिन लावली. कोणी बटण दाबलं नाही. थोड्या वेळाने धाकटीच्या फोनवर फोटो उघडले आणि डब्याची तारीखही बरोबर निघाली. मग एकदा दुसऱ्या कप्प्यातली डिस्क बाहेर ठेवूनही डबा उठतो का, ते पाहिलं. तेही झालं. ती डिस्क परत आत घालून जोडीत पुन्हा घेतली आणि दोन्ही यू दिसेपर्यंत थांबले.

वहीचं ते पान धाकटीने नीट उतरवून प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि डब्याच्या कुशीला चिकटवलं. त्यावर ग्रब कुठल्या सीरियल नंबरच्या डिस्कवर आहे, सेल कधी बदलला आणि बाहेरची प्रत कुठल्या कपाटात आहे, एवढंच लिहिलं. बाहेरच्या डिस्कवर दर महिन्याला प्रत घ्यायची जबाबदारी तिने स्वतःकडे घेतली.

तात्पर्य: यंत्र चालू होणं आणि दुरुस्त होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ते का चालू झालं हे ज्याला सांगता येत नाही, त्याला ते का बंद पडलं हेही सांगता येणार नाही. तुमच्याही घरात असा एखादा जुना डबा असेल, तर तो बिघडण्याची वाट पाहू नका. आजच दुसरी प्रत काढा, आणि दुरुस्तीला बसाल तेव्हा पडद्यावरची शेवटची ओळ पूर्ण वाचल्याशिवाय एंटर दाबू नका.